मंदीत घरं कोण बांधणार?

घरांच्या किमतींवरचा वाद जगभर एकाच साच्यात अडकला आहे. डब्लिन, सिडनी, बर्लिन, सॅन फ्रान्सिस्को, शहर कुठलंही असो, निवडणूक जवळ आली की दोन फळ्या समोरासमोर उभ्या राहतात. पहिली म्हणते, नियम काढा, मजले चढू द्या, पुरवठा वाढला की किंमत आपोआप उतरेल. दुसरी म्हणते, भाडी गोठवा, परदेशी खरेदीदारांना आणि गुंतवणूक फंडांना आवरा, रिकाम्या घरांवर कर लावा. दोघींकडे आकडेवारी आहे, दोघींची आवडती शहरं ठरलेली आहेत, आणि दोघींचा आवाज किमती चढत असतात तेव्हाच टिपेला पोचतो. किमती घसरल्या, क्रेन थांबल्या, की वादही थांबतो. चूक नेमकी तिथे होते. घरं परवडणार की नाही हे तेजीत ठरत नाही. मंदीच्या चार-पाच वर्षांत बांधकाम चालू राहिलं की बंद पडलं, यावर ते ठरतं. परवानगी सोपी करायलाच हवी, भाडेकरूला संरक्षणही हवं. पण बाजार हात वर करतो त्या वर्षांत बांधत राहणारं कुणी नसेल, तर या दोन्ही उपायांची कमाई पुढच्या एका तेजीत वाहून जाते.

पहिल्या फळीचं म्हणणं आधी घेऊ, कारण तिच्या बाजूचा पुरावा भक्कम आहे आणि तिचे विरोधक तो नीट बघायलाही तयार नसतात. न्यूझीलंडमधल्या ऑकलंडने २०१६ साली नवा विकास आराखडा लागू केला आणि निवासी जमिनीपैकी सुमारे तीन-चतुर्थांश जमिनीवर पूर्वीपेक्षा दाट बांधकामाला मुभा दिली. जिथे एका प्लॉटवर एक बंगली होती तिथे तीन-चार जोडघरं उभी राहू लागली. त्या वर्षी शहरात सुमारे दहा हजार घरांना परवाने मिळाले होते. २०२२ साली तो आकडा २१ हजारांवर गेला. अमेरिकेतल्या मिनियापोलिसने फक्त स्वतंत्र बंगल्यांसाठी राखून ठेवलेले विभाग मोडीत काढले, प्रत्येक इमारतीत किमान अमुक इतकी पार्किंग हवीच ही अट रद्द केली आणि वर्दळीच्या रस्त्यांलगत उंच इमारतींना वाट करून दिली. २०१७ ते २०२२ या काळात तिथली घरं १२ टक्क्यांनी वाढली आणि भाडी अवघ्या १ टक्क्याने; मिनेसोटा राज्याच्या उरलेल्या भागात भाडी १४ टक्क्यांनी चढली होती. ह्यूस्टनने १९९८ साली शहराच्या आतल्या भागात एका घरासाठी लागणारा किमान प्लॉट ५,००० चौरस फुटांवरून १,४०० चौरस फुटांवर आणला. एवढ्या एका आकड्याच्या बदलाने तिथे हजारो चिंचोळी तिमजली घरं उभी राहिली.

‘पण ही नवी घरं श्रीमंतांचीच, गरिबाला त्यातून काय मिळणार?’ हा प्रश्न दुसरी फळी हमखास विचारते. त्याला हेलसिंकीतून एक चांगलं उत्तर मिळालं आहे. तिथल्या अर्थतज्ज्ञांनी नवीन घरात राहायला आलेलं कुटुंब आधी कुठे राहत होतं, त्याच्या सोडलेल्या घरात कोण आलं, त्या कुटुंबाने कुठलं घर सोडलं, अशी साखळी सरकारी नोंदींवरून शोधत नेली. शहराच्या मध्यवर्ती भागात बाजारभावाची १०० घरं बांधली, तर कमी उत्पन्नाच्या निम्म्या वस्त्यांमध्ये सुमारे ६० घरं मोकळी होतात आणि सर्वांत गरीब पंचमांश वस्त्यांमध्ये २९, असा त्यांचा हिशेब निघाला. नवं घर बांधलं नाही म्हणून श्रीमंत माणूस शहर सोडून जात नाही. तो जुनं घर जास्त पैसे मोजून घेतो आणि तिथला भाडेकरू आणखी लांब फेकला जातो.

नियमांमुळे खर्च कसा फुगतो, हेही या फळीने नेमकं दाखवलं आहे. जमिनीखालच्या पार्किंगसाठी खोदकाम, भिंतीला आधार, पाणी उपसणं, वायुवीजन आणि उतार, एवढं सगळं करावं लागतं, आणि गाडी नसलेल्या कुटुंबालाही त्याचे पैसे घराच्या किमतीतून भरावे लागतात. अमेरिकेच्या बहुतेक भागांत तीन मजल्यांच्या वर गेलं की दोन स्वतंत्र जिने लागतात. मग मधोमध लांबलचक बोळ येतो, फ्लॅटला एकाच बाजूने उजेड मिळतो आणि छोट्या प्लॉटवर इमारत बसतच नाही. सिएटलने काही अग्निसुरक्षेच्या अटींसह सहा मजल्यांपर्यंत एक जिना चालवून घेतला आहे. सर्वांत मोठा खर्च मात्र कागदावर दिसत नाही, तो वेळेचा. नियमात बसणारा आराखडा मंजूर व्हायलाच हवा, अशी पद्धत जपानमध्ये आहे. जमीनवापराचे विभाग देशभर एकाच कायद्याने ठरलेले आहेत, निवासी विभागात काय चालेल हे आधीच लिहिलेलं आहे, आणि शेजाऱ्यांना आवडलं नाही म्हणून परवानगी अडत नाही. याउलट सॅन फ्रान्सिस्कोत अनेक दशकं नियमात बसणाऱ्या इमारतीवरही सुनावणी लागायची, आणि सुनावणी लागली की जमिनीसाठी काढलेल्या कर्जावरचं व्याज महिन्यामागून महिने चढत राहायचं. २००० नंतरची जवळपास वीस वर्षं लोक येत असूनही तोक्योतली भाडी फारशी हलली नाहीत, त्यामागे जपानची ही पद्धत हे मोठं कारण आहे. (तिथलेही दिवस सरले असं आता कुणी म्हणेल. २०२३ साली तोक्योच्या २३ प्रभागांत नव्या फ्लॅटची सरासरी किंमत १० कोटी येनच्या पुढे गेली, हे खरं. पण सर्वसामान्यांना भाड्याने मिळणारं जुनं साधं घर आणि मध्यवर्ती भागातला नवाकोरा फ्लॅट हे दोन वेगळे बाजार आहेत.)

एवढं मान्य केल्यावर अडचण सुरू होते. बांधायची परवानगी मिळाली म्हणजे बांधकाम होतंच, असं नाही. बिल्डरचा हिशेब एकदा कागदावर मांडून बघावा. समजा नवं घर १०० ला विकलं जातं. बांधकामाला ५० लागतात. व्याज, शुल्कं, आराखडे आणि विक्रीचा खर्च मिळून १५. बँकेने कर्ज द्यावं यासाठी विक्रीच्या १५ टक्के नफा दाखवावा लागतो, म्हणजे आणखी १५. उरले २०, जमिनीसाठी बिल्डर एवढेच देऊ शकतो. आता घराचा भाव ११० झाला आणि बाकी खर्च तेवढाच राहिला, तर नफ्याचे साडेसोळा वजा जाऊन जमिनीसाठी साडेअठ्ठावीस उरतात. घर १० टक्क्यांनी महागलं, जमीन साडेबेचाळीस टक्क्यांनी. तेजीतली मलई कुणाच्या पदरात पडते ते इथे दिसतं. उलट भाव ९० वर आला, तर जमिनीसाठी साडेअकराच उरतात. जमीनमालक म्हणतो, थांबतो, घाई काय आहे? आणि ज्या बिल्डरने आधीच २० मोजून जमीन घेतली आहे, त्याच्या हातात नफ्याचे ५ राहतात. बँक त्याला दारात उभं करत नाही. घरांच्या किमती अवघ्या १० टक्क्यांनी उतरल्या आणि बांधकाम बंद.

हाच हिशेब दुसऱ्या फळीच्या एका लाडक्या अटीलाही लागू पडतो. पाचांतलं एक घर निम्म्या किमतीत द्या, अशी अट घातली की सरासरी विक्रीकिंमत ९० होते, म्हणजे जमिनीसाठी पुन्हा साडेअकरा. त्या जमिनीचा आजचा वापर साडेअकरापेक्षा कमी किमतीचा असेल, तर अटीचा भार जमीनमालकावर पडतो आणि ती छान चालते. त्या जागी आधीच चांगलं चालणारं दुकान किंवा गोदाम असेल, तर तिथे ना महागडी घरं होतात ना स्वस्त. अट चांगली की वाईट हा प्रश्नच त्यामुळे अर्धवट आहे. ती कुठल्या जमिनीवर आणि कुठल्या वर्षी घातली, ते आधी सांगावं लागतं.

ब्रिटनमध्ये ऑलिव्हर लेटविन यांनी २०१८ साली सरकारसाठी एक पाहणी केली. परवाने मिळूनही मोठ्या प्रकल्पांत घरं इतकी हळू का बांधली जातात, हा तिचा विषय होता. बिल्डर परवाने दडपून बसतात, असा आरोप त्याआधी सर्रास व्हायचा. पाहणीत आढळलं ते वेगळंच होतं: भाव न पाडता स्थानिक बाजारात जेवढी घरं खपतील तेवढ्याच वेगाने बांधायचं, हा सगळ्यांचा धंद्याचा सरळ नियम आहे. त्यामुळे पाहिलेल्या सर्वांत मोठ्या प्रकल्पांना पूर्ण व्हायला साधारण पंधरा वर्षं लागत होती. यात कट नाही, लबाडीही नाही. भाव पडेल इतकं बांधणं खासगी बिल्डरकडून कुणी कशाच्या जोरावर अपेक्षायचं? आणि भाव पडल्याशिवाय घर परवडणार कसं?

आयर्लंडने या प्रश्नाची दोन्ही टोकं एका दशकात पाहिली. २००६ साली त्या छोट्या देशात सुमारे ९० हजार घरं पूर्ण झाली. स्पेनमध्येही त्या वर्षांत बांधकामाचा असाच पूर आला होता. पुरवठा वाढला की किंमत उतरते हे एवढंच खरं असतं, तर या दोन देशांत घरं स्वस्त व्हायला हवी होती. झालं उलट, कारण कर्जाचा नळ पूर्ण उघडा होता. व्याजदराचा हिशेब इथे विसरता येत नाही. ७ टक्के दराने वीस वर्षांसाठी घेतलेल्या कर्जाला दर लाखामागे महिना ७७५ चा हप्ता पडतो. ४ टक्क्यांनी तोच ६०६. म्हणजे पगार एका पैशानेही न वाढता तोच हप्ता भरून २८ टक्के मोठं कर्ज उचलता येतं, आणि लिलावात सगळेच ते उचलून येतात. मग २००८ साली पत आटली. आयर्लंडमधल्या किमती निम्म्याहून खाली आल्या आणि २०१३ साली वर्षभरात पूर्ण झालेली घरं पाच हजारांच्याही खाली गेली. बांधकामात काम करणारे सुमारे पावणेतीन लाख लोक होते, ते एका लाखाच्या आसपास उरले. गवंडी, सुतार, प्लंबर देश सोडून गेले. काही वर्षांनी नोकऱ्या परत आल्या, माणसं परत आली, पण घरं बांधणारे हात परत यायला फार वेळ लागतो. आज डब्लिनमध्ये भाड्याचं घर मिळत नाही, याचं मूळ २००६ च्या हावेत जेवढं आहे त्याहून जास्त २०१३ च्या शांततेत आहे.

या कहाणीतला सर्वांत चीड आणणारा भाग लोक विसरतात. २००९ साली आयर्लंडने बुडीत कर्जं ताब्यात घेण्यासाठी ‘नामा’ ही सरकारी संस्था काढली. डब्लिनभोवतीच्या जमिनी, अर्धवट इमारती, पडून राहिलेले प्रकल्प यांवरची कर्जं तळाच्या भावात सरकारच्या हातात आली. परवडणारी घरं उभी करायला यापेक्षा चांगली वेळ कुठली? पण कायद्याने संस्थेला काम नेमून दिलं होतं ते सरकारला जास्तीत जास्त पैसे मिळवून देण्याचं. त्यातली मोठमोठी गाठोडी परदेशी फंडांनी विकत घेतली. पुढे त्याच फंडांविरुद्ध मोर्चे निघाले.

आता दुसरी फळी. तिचा सर्वांत भक्कम मुद्दा असा, की भाडेकरू आणि घरमालक यांच्यातला सौदा बरोबरीचा नसतो. भाजी महाग वाटली तर दुसऱ्या दुकानात जाता येतं. घर बदलायचं तर मुलांची शाळा, नोकरीची वाट, म्हाताऱ्यांचे डॉक्टर, अनामत, सामानाची ने-आण, सगळंच हलतं. हे घरमालकाला माहीत असतं आणि करार नवा करताना तो त्याची किंमत वसूल करतो. भाडेनियंत्रणाने या पिळवणुकीला खरोखर आळा बसतो. सॅन फ्रान्सिस्कोने १९९४ साली १९८० पूर्वीच्या छोट्या इमारतींनाही भाडेनियंत्रण लागू केलं. त्यावरच्या गाजलेल्या अभ्यासात आढळलं, की संरक्षण मिळालेले भाडेकरू त्याच पत्त्यावर टिकण्याची शक्यता १० ते २० टक्क्यांनी वाढली. हा फायदा कुणी क्षुल्लक समजू नये. पण त्याच अभ्यासात पुढे आहे, की घरमालकांनी अशा इमारती विकून, पाडून किंवा मालकीच्या फ्लॅटमध्ये बदलून भाड्याची घरं १५ टक्क्यांनी कमी केली आणि शहरभरची भाडी ५.१ टक्क्यांनी वाढली. आत असलेल्याला मिळालं, बाहेर उभा असलेल्याने भरलं.

इतिहासही हेच सांगतो. १९१५ साली ग्लासगोत युद्धकाळातल्या भाडेवाढीविरुद्ध बायकांनी भाडं भरायलाच नकार दिला. मेरी बार्बर त्यांच्या पुढाऱ्यांपैकी होत्या. सरकारने त्याच वर्षी कायदा करून भाडी गोठवली. युद्ध चालू होतं, विटा आणि माणसं आघाडीवर लागत होती, तेव्हा दुसरा इलाजही नव्हता. पण तात्पुरता म्हणून आलेला कायदा या ना त्या रूपात अनेक दशकं राहिला. महायुद्धाआधी ब्रिटनमधली बहुसंख्य कुटुंबं खासगी घरमालकांची भाडेकरू होती. १९९० च्या आसपास दहात एक उरलं. झोपडपट्ट्या पाडणं, सरकारी घरं, मालकीच्या घराला करसवलत, अशी इतरही कारणं त्यात होती, सगळं खापर भाडेनियंत्रणावर फोडणं खोटेपणाचं ठरेल. मात्र गोठवलेल्या भाड्यावर नवी भाड्याची इमारत कुणी बांधली नाही, हेही तेवढंच खरं. बर्लिनने फेब्रुवारी २०२० मध्ये भाडी गोठवली. नियंत्रणाखालच्या फ्लॅटच्या जाहिराती निम्म्याहून कमी झाल्या, आणि एप्रिल २०२१ मध्ये घटनात्मक न्यायालयाने कायदाच रद्द केला तेव्हा भाडेकरूंना फरकाची रक्कम भरायची वेळ आली. मिनियापोलिसच्या शेजारच्या सेंट पॉलने २०२१ साली वार्षिक वाढीवर ३ टक्क्यांची मर्यादा घातली ती नव्या बांधकामालाही. मिसिसिपीच्या एका काठावर मिनियापोलिस बांधत होतं आणि दुसऱ्या काठावर परवान्यांचे अर्ज कोसळले. वर्षभरात शहराला नवी घरं वीस वर्षांसाठी वगळावी लागली. स्टॉकहोममध्ये भाडी रास्त आहेत, पण नियंत्रित भाड्याच्या घरासाठी अठराव्या वर्षी रांगेत नाव नोंदवायचं आणि सरासरी नऊ वर्षं वाट बघायची. मध्यवर्ती भाग हवा असेल तर त्याच्या दुप्पट. नोकरीसाठी परगावाहून आलेल्या माणसाने तोवर पोटभाडेकरूचा पोटभाडेकरू म्हणून राहायचं.

परदेशी खरेदीदार आणि पर्यटकांची भाडेघरं यांवर फार शब्द खर्च करायची गरज नाही. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी, असा तो प्रकार आहे. न्यूझीलंडने २०१८ साली बहुतेक परदेशी नागरिकांना घरखरेदीची बंदी केली. २०२० साली व्याजदर तळाला गेले आणि बंदी असतानाच किमती विक्रमी वेगाने चढल्या. न्यूयॉर्कने सप्टेंबर २०२३ पासून अल्पमुदतीच्या भाड्यावर इतके कडक नियम लावले की त्या जाहिराती जवळजवळ दिसेनाशा झाल्या. भाडी उतरली नाहीत. रिकाम्या घरांवरचा कर त्यातल्या त्यात बरा. व्हँकुव्हरने तो १ टक्क्याने सुरू करून ३ टक्क्यांवर नेला आणि रिकामी घरं वापरात आली, पण हा साठा एकदाच उपसता येतो.

मंदीत कुणीतरी बांधत राहिलं की काय होतं, याचं उदाहरण म्हणून व्हिएन्नाचं नाव लगेच येतं, आणि ते देताना लोक पोस्टकार्ड दाखवून मोकळे होतात. १९२३ साली शहराचे अर्थप्रमुख ह्यूगो ब्राइटनर यांनी घरांवर चढता कर लावला. साध्या घराला नाममात्र, महालाला जबर. त्या पैशातून १९३४ पर्यंत साठ हजारांहून अधिक घरं उभी राहिली. एक किलोमीटरहून लांब असलेल्या कार्ल-मार्क्स-होफमध्येच १,३८२ फ्लॅट होते. विरोधक म्हणतात, व्हिएन्नाला जमीन फुकटात पडली होती: युद्धाने साम्राज्य गेलं, चलनफुगवट्याने आणि गोठवलेल्या भाड्यांनी खासगी मालमत्तेचं मोल मातीत गेलं, आणि वीस लाखांची वस्ती पुढे १९८० च्या दशकात पंधरा लाखांवर आली. आक्षेप बरोबर आहे. पण तो नेमकं काय सिद्ध करतो? जमीन स्वस्त असताना शहराने ती घेतली आणि बांधलं, हेच ना? तशाच पडझडीतून युरोपातली इतर शहरंही गेली. त्यांनी तेव्हा घेतलं नाही आणि नंतर चढ्या भावात घ्यावं लागलं. शिवाय व्हिएन्नाचं आजचं यंत्र निव्वळ जुन्या पुण्याईवर चालत नाही. ऑस्ट्रियात प्रत्येक पगारातून १ टक्का गृहनिर्माणासाठी कापला जातो, निम्मा कामगाराकडून आणि निम्मा मालकाकडून. मर्यादित नफ्याच्या गृहनिर्माण संस्था खर्चाइतकंच भाडं घेतात, शिल्लक पुन्हा बांधकामातच घालावी लागते, आणि जुनी कर्जं फिटत जातात तसा नव्या घरांना पैसा मिळत राहतो. २००४ नंतर महापालिकेने स्वतः बांधणं जवळपास पंधरा वर्षं थांबवलं, तरी या संस्था थांबल्या नाहीत. शहर पुन्हा वीस लाखांवर गेलं आहे. भाडी तिथेही चढली, पण म्युनिकसारखी नाही.

सिंगापूरचा दाखला देताना तर जास्तच जपून बोलावं लागतं. १९६० साली स्थापन झालेल्या तिथल्या गृहनिर्माण मंडळाच्या फ्लॅटमध्ये आज दहातले जवळपास आठ रहिवासी राहतात. पण १९६६ च्या भूसंपादन कायद्याने सरकारने बाजारभावाच्या कितीतरी खाली जमिनी घेतल्या. एवढी मुभा बहुतेक लोकशाही देशांतली न्यायालयं देणार नाहीत आणि देऊही नये. सरकारी बांधकामही चुकतं. १९९७ च्या आशियाई संकटानंतर मंडळाचे हजारो फ्लॅट पडून राहिले, म्हणून २००१ पासून आधी नोंदणी आणि मग बांधकाम अशी पद्धत आली. मग बांधकाम इतकं आखडलं की दशकाच्या शेवटी तुटवडा झाला. मेक्सिकोत सरकारी गृहकर्जाच्या जोरावर शहरांपासून तासन्‌तास लांब घरांच्या रांगाच रांगा उभ्या राहिल्या, आणि २०१० च्या जनगणनेत देशात सुमारे ५० लाख घरं रिकामी निघाली. घर स्वस्त, पण कामावर जायचा खर्च पगार खाणारा. जमीन स्वस्त म्हणून बांधायचं असेल तर ती मंदीमुळे स्वस्त हवी, आडबाजूला असल्यामुळे नव्हे.

आणि बांधून झालेलं राखावंही लागतं. ब्रिटनमध्ये १९५० आणि ६० च्या दशकांत स्थानिक संस्था वर्षाला सरासरी लाखाहून अधिक घरं बांधत होत्या. १९८० च्या गृहनिर्माण कायद्याने भाडेकरूंना ती मोठ्या सवलतीत विकत घ्यायचा हक्क दिला. एकट्या इंग्लंडमध्ये वीस लाखांच्या आसपास घरं विकली गेली, आणि विक्रीच्या पैशातून नवी बांधायला स्थानिक संस्थांवर बंधनं होती. नव्वदचं दशक संपताना स्थानिक संस्था वर्षाला काही शे घरं बांधत होत्या. मोकळी झालेली जागा खासगी बिल्डर भरतील, असं तेव्हा सांगितलं गेलं. त्यांनी पूर्वीइतकंच बांधलं. बर्लिनने २००४ साली, म्हणजे बाजार तळाला असताना, ६५ हजार फ्लॅट असलेली आपली कंपनी ४० कोटी ५० लाख युरोला फंडांना विकली. फ्लॅटमागे हिशेब सव्वासहा हजार युरोंचा पडतो. सतरा वर्षांनी याच शहराने बड्या कंपन्यांची घरं सरकारजमा करावीत म्हणून सार्वमतात कौल दिला. दुसऱ्या फळीने फंडांवर संताप जरूर काढावा, पण विक्रीखतावर सही कुणाची होती?

खरा अडथळा राजकीय आहे. ज्या देशात बहुसंख्य मतदार घरमालक आहेत, तिथे किमती उतरणं म्हणजे बहुसंख्यांची पुंजी घटणं. हाँगकाँगचे प्रमुख तुंग ची-ह्वा यांनी १९९७ साली वर्षाला ८५ हजार घरांचं लक्ष्य जाहीर केलं. लगेच आशियाई संकट आलं, २००३ पर्यंत किमती साठ टक्क्यांहून अधिक कोसळल्या आणि कर्जदार घरमालक खवळले. लक्ष्य गाजावाजा न करता सोडून दिलं गेलं. २००२ च्या अखेरीस सरकारने जमिनीचे लिलाव थांबवले आणि अनुदानित घरांची विक्रीही. पुढच्या दोन दशकांत किमती अनेक पटींनी चढल्या आणि दोन लाखांहून अधिक लोक एका फ्लॅटचे तुकडे पाडून केलेल्या खोल्यांत राहू लागले. घसरण आवरायला म्हणून केलेला उपाय पुढच्या पिढीला एवढा महाग पडला.

म्हणून किमती पाडण्याचं वचन देणाऱ्या पुढाऱ्यावर विश्वास ठेवू नये, आणि तशी गरजही नाही. घराची किंमत वार्षिक कमाईच्या नऊपट आहे, असं समजा. किंमत जागच्या जागी राहिली आणि पगार वर्षाला ४ टक्क्यांनी वाढले, तर पंधरा वर्षांत तीच पाचपट होते. कुणाचं कर्ज घराच्या किमतीपेक्षा मोठं होत नाही. हे स्वप्नरंजन नाही. १९९० च्या दशकाच्या मध्यापासून २०१० पर्यंत जर्मनीत किमती साधारण अशाच स्थिर होत्या आणि भाड्याने राहणं तिथे कमीपणाचं मानलं जात नव्हतं. पण पंधरा वर्षं किंमत स्थिर ठेवायची, तर पंधरा वर्षं बांधकाम चालू हवं, आणि वरच्या हिशेबानुसार स्थिर किमतीला खासगी बिल्डरचं मन बांधकामात रमत नाही. त्याची कमतरता भरून काढणारी संस्था हवी. तिला मंदीत कर्ज काढायची मुभा आगाऊ द्यावी लागते, कारण मंदी आल्यावर अर्थमंत्री काटकसरीच्या भाषेतच बोलतात. मंजूर नकाशे आणि पायाभूत सोयी असलेली जमीन तिच्याकडे तयार हवी. नाहीतर मंदी संपता संपता पहिली वीट बसते. अडकलेले प्रकल्प बांधकामखर्चाच्या भावात विकत घ्यायचा अधिकार हवा आणि घेतलेलं सहजासहजी विकता येणार नाही असा कायदा हवा. परवानग्या सोप्या करणं इथेही कामी येतं: जिना, पार्किंग, सुनावण्या यांचा खर्च उतरला की खासगी बिल्डर ९० च्या भावालाही काही काळ तग धरतो आणि संस्थेवरचा भार हलका होतो. दोन फळ्यांचे उपाय एकमेकांचे शत्रू नाहीत, वेगवेगळ्या ऋतूंतले आहेत.

हे सगळं आत्ताच बोलायला हवं, कारण २०२२ आणि २०२३ साली व्याजदर चढले आणि युरोपातल्या क्रेन पुन्हा थांबल्या. स्वीडनमध्ये नव्याने सुरू होणारी घरं २०२१ ते २०२३ या दोन वर्षांत निम्म्याहून खाली आली. जर्मनीत सरकारने वर्षाला चार लाख घरांचं लक्ष्य ठरवलं होतं. २०२४ साली पूर्ण झाली अडीच लाख, आणि नव्या घरांचे परवाने २०१० नंतरच्या नीचांकावर आले. त्याच काळात बर्लिनमध्ये आणि स्टॉकहोममध्ये चर्चा चालली होती ती भाडेवाढीची मर्यादा किती असावी याची. अर्धवट पडलेले प्रकल्प आणि बुडालेल्या बिल्डरांच्या जमिनी अशा वेळी लिलावात निघतात, आणि बोली लावायला फंडांची माणसं वेळेवर हजर असतात.